नगरच्या मिस फॅरार

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाची हकीकत सांगावयास बसले म्हणजे १८४८ साल आणि पुण्याची बुधवार पेठ येथून आरंभ करण्याचा परिपाठ पडून गेला आहे. त्या साली जोतीराव फुले ह्यांनी मुलींची शाळा घातली आणि सावित्रीबाई तीत शिकवू लागल्या, ही गोष्ट आता लहान मुलांच्या पाठ्यपुस्तकांतूनही येते, व ती तशी यावी हे योग्यच आहे. परंतु खुद्द जोतीरावांनी आपल्या शाळांचा वृत्तांत सांगताना आरंभ पुण्यापासून केलेला नाही. १८५३ च्या सप्टेंबर महिन्यात 'ज्ञानोदय' पत्रात त्यांचे जे निवेदन प्रसिद्ध झाले, त्यात आपण एका मित्राबरोबर अहमदनगरास गेलो असता तेथील अमेरिकन मिशनच्या फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, तेथे मुलींस चांगल्या रीतीने शिकवीत असलेले पाहून आपणांस समाधान वाटले, आणि पुण्यास परत येताच आपण मुलींची शाळा घातली, असा क्रम त्यांनी स्पष्ट दिला आहे.

जोतीरावांच्या चरित्रांतून ह्या गोष्टीचा उल्लेख बहुधा येतो, आणि चरित्रकार लागलीच पुढे जातो. नगरास ही बाई कोठून आली, कशासाठी आली, किती वर्षे राहिली, आणि ज्या हेतूने ती आली तो हेतू सिद्धीस गेला किंवा नाही, ह्याची विचारपूस फारशी होत नाही. ह्याचे कारण उघड आहे. मिशनरी शिक्षकांविषयी बोलू लागले की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक कृतज्ञतेचा, त्यात धर्मप्रसाराचा हेतू हळूच झाकून ठेविला जातो. दुसरा संशयाचा, त्यात त्यांनी शिकविलेली अक्षरेसुद्धा हिशेबात धरली जात नाहीत. आमच्या मते हे दोन्ही हिशेब अपुरे आहेत. मिस फॅरार ह्यांच्या चौतीस वर्षांच्या कामाकडे नीट पाहिले असता तिसरा, थोडा अवघड परंतु अधिक खरा हिशेब मांडता येतो, असे आम्हांस वाटते. आणि तेवढ्याचसाठी वाचकांचा थोडा वेळ घेण्याचे आम्ही योजिले आहे.

सिंथिया फॅरार ह्यांचा जन्म १७९५ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर संस्थानात मार्लबरो नावाच्या गावी झाला. न्यू इंग्लंड म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख खडकाळ जमिनीचा, कडक हिवाळ्याचा आणि कडव्या प्रॉटेस्टंट धर्मनिष्ठेचा. प्रत्येक माणसास बायबल स्वतः वाचता आले पाहिजे हा तेथील जुना दंडक असल्यामुळे मुलींस अक्षरओळख असणे ही तेथे नवलाची गोष्ट नव्हती. परंतु अक्षरओळखीच्या पलीकडचा मार्ग त्या देशातही स्त्रियांस मोकळा नव्हता. एमा विलर्ड ह्यांनी ट्रॉय शहरी मुलींच्या वरच्या शिक्षणाची संस्था काढली ती १८२१ साली. मेरी लायन ह्यांचे माउंट होल्योक येथील स्त्रियांचे विद्यालय निघाले ते १८३७ साली. तरुणपणी मिस फॅरार शिक्षकीचा धंदा करीत होत्या. अविवाहित मध्यमवर्गीय स्त्रीस मानाने करता येईल असा तो जवळजवळ एकच धंदा होता, व त्यातही पुरुषापेक्षा वेतन कमी मिळे. तात्पर्य, आपल्याकडे मुलींस शिकविण्यास जी बाई आली, ती काही स्त्रीस्वातंत्र्याच्या नंदनवनातून आलेली नव्हती. तिच्या स्वतःच्या देशात स्त्रीने भरसभेत बोलणेसुद्धा अमर्यादपणाचे समजले जात असे.

ती ज्या मिशनात आली त्याचा पूर्वेतिहासही थोडा ध्यानात घेतला पाहिजे. परदेशी मिशनांसाठी 'अमेरिकन बोर्ड' नावाची संस्था १८१० साली स्थापन झाली. तिने पाठविलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोघे उपदेशक १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. त्या वेळी कंपनीसरकारास मिशनरी नको होते. शिवाय अमेरिका आणि इंग्लंड ह्यांचे युद्ध चाललेले. दोघांस परत जाण्याचे हुकूम सुटले, ते कोचीनकडे निसटले, तेथून त्यांस परत आणण्यात आले, आणि पुष्कळ लिहिणे-बोलणे झाल्यावर गव्हर्नर सर इव्हान नेपियन ह्यांनी त्यांस राहू दिले. पुढे त्याच वर्षी पार्लमेंटाने कंपनीची सनद नवी करून देताना मिशनऱ्यांस वाट मोकळी केली. ह्या मंडळींनी मुंबईत छापखाना घातला, मराठी शाळा काढल्या, व १८२६ साली नव्या कराराचे मराठी भाषांतर पुरे छापून प्रसिद्ध केले. त्याच साली गॉर्डन हॉल हे नाशकाकडील प्रवासात पटकीने वारले. ह्या मिशनात मृत्यू हा नेहमीचाच सोबती होता, हे पुढेही दिसून येईल.

मुलींसाठी ह्या मिशनाने मुंबईत पहिली शाळा १८२४ साली काढली. ती चालविण्याचे काम उपदेशकांच्या बायकांकडे होते. परंतु घरसंसार, बाळंतपणे व आजार ह्यांतून त्यांस जो वेळ उरे तो थोडा. शाळांची संख्या वाढू लागली तसे मुंबईकर मंडळींनी बोस्टनला लिहिले की, केवळ मुलींच्या शाळा पाहण्यासाठी एक अविवाहित शिक्षिका पाठवावी. मागणी साधी दिसते, पण ती त्या संस्थेच्या परिपाठास सोडून होती. उपदेशकाची बायको परदेशी जाई ती नवऱ्याच्या आश्रयाने. एकट्या स्त्रीस समुद्रापार धाडण्यास बोर्ड नाखूष असे. ह्यापूर्वी बेट्सी स्टॉकटन नावाची, गुलामगिरीतून मुक्त झालेली एक काळी स्त्री १८२२ साली हवाई बेटांकडे गेली होती व तेथे तिने सामान्य लोकांसाठी शाळाही चालविली. परंतु ती एका उपदेशकाच्या कुटुंबाबरोबर, त्यांच्या घरातील मनुष्य म्हणून गेली होती. इंग्रजांच्या बाजूने पाहता मेरी अॅन कुक ही बाई १८२१ साली कलकत्त्यास येऊन पुढील वर्षी मुलींच्या शाळा चालवू लागली होती. तेव्हा असा प्रयोग अशक्य नव्हता एवढे कळून आले होते. केवळ शिक्षिका म्हणून बोर्डाने एकटी पाठविलेली पहिली अविवाहित स्त्री हा मान मात्र सामान्यतः मिस फॅरार ह्यांस दिला जातो.

मानाबरोबर अधिकार आला असे मात्र नव्हे. मिशनच्या याद्यांत स्त्रियांचे नाव 'सहायक' म्हणून लागे. मिशनच्या सभेत मत असे ते पुरुष उपदेशकांचे. एकटीने बिऱ्हाड करणे शिष्टसंमत नसल्यामुळे दुसऱ्याच्या कुटुंबात राहावयाचे, काम आपले करावयाचे, आणि त्या कामाविषयीचे निर्णय इतरांनी घ्यावयाचे, अशी ही स्थिती होती. एका अर्थी पाहिले तर ती आपल्याकडील एकत्र कुटुंबातल्या स्त्रीस अपरिचित वाटण्यासारखी नव्हती.

१८२७ च्या जून महिन्यात मिस फॅरार बोस्टनहून निघाल्या. त्यांच्याबरोबर सायरस स्टोन व डेव्हिड अॅलन ही दोन उपदेशकांची जोडपी होती. जहाज प्रथम सप्टेंबरात कलकत्त्यास लागले आणि तेथून दुसऱ्या जहाजाने ही मंडळी डिसेंबरच्या अखेरीस मुंबईस पोचली. वय बत्तीस वर्षांचे. माहेरच्या माणसांची पुन्हा भेट होईल की नाही ह्याची शाश्वती नाही. पत्र जाऊन उत्तर येण्यास वर्षाच्या आसपास काळ लागावयाचा. योगायोग असा की, ज्या वर्षाच्या शेवटी ही शिक्षिका मुंबईच्या बंदरात उतरली, त्याच वर्षीच्या एप्रिलात पुण्यास जोतीरावांचा जन्म झाला होता. दोघांची वाट एकवीस वर्षांनी नगरास मिळावयाची होती.

पहिले काम मराठी शिकण्याचे. आज ह्या कामाची अडचण आपल्या लक्षात येणे कठीण आहे. मोल्सवर्थसाहेबांचा मोठा कोश निघाला तो १८३१ साली, आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली. म्हणजे ज्या दोन ग्रंथांच्या आधाराने पुढील परदेशी माणूस मराठी शिकला, ते दोन्ही ह्या बाईंच्या मागाहून आले. लहानसहान शब्दसंग्रह, पगारी पंडित आणि आपले कान एवढ्यावर त्यांस भागवावे लागले. त्यातही पंडिताची भाषा निराळी, आणि शाळेत येणाऱ्या मुलीच्या आईची भाषा निराळी. जिला मुलींच्या घरी जाऊन मुलगी शाळेत का आली नाही हे विचारावयाचे, तिला केवळ ग्रंथातली मराठी येऊन काय उपयोग?

आता त्या शाळांकडे वळू. 'मुलींची शाळा' ह्या शब्दांनी आजच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहील ते बाजूस ठेवले पाहिजे. कोठे भाड्याची खोली, कोठे पडवी. जमिनीवर बसलेल्या वीसतीस पोरी. आणि शिकविण्यास, बहुतेक ठिकाणी, ब्राह्मण पंतोजी. शिकविण्याजोगी वाचता-लिहिता येणारी मराठी स्त्री मिळणे दुर्घट, म्हणून पुरुषच नेमावा लागे. मुली पुष्कळशा गरीब व खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींच्या. काही कोकणातून मुंबईस येऊन राहिलेल्या बेने इस्राएल कुटुंबांतल्या, कारण ह्या मिशनाचा त्या समाजाशी आधीपासून संबंध होता. शिक्षणक्रम म्हणजे वाचन, लेखन, थोडा हिशेब, शिवणकाम, आणि ह्या सर्वांच्या मध्यभागी ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरावली, दहा आज्ञा व शुभवर्तमानातील उतारे. ज्या पंतोजींचा ह्या धर्मावर काडीचाही विश्वास नाही, त्यांनी, ज्या मुलींस शास्त्राप्रमाणे शिकवू नये असे त्यांच्या घरी समजत, त्यांच्याकडून, परकी धर्माची उत्तरे पाठ करून घ्यावयाची, आणि हे सर्व नीट चालले आहे की नाही ते एका परदेशी अविवाहित बाईने शाळोशाळी फिरून पाहावयाचे, असा हा प्रकार होता. विचार केला असता ह्यातील प्रत्येक पात्र आपापल्या समाजाची एकेक रेषा ओलांडून तेथे बसले होते. पंतोजी पगारासाठी, मुली कुतूहलासाठी अथवा लहानशा बक्षिसासाठी, आणि बाई श्रद्धेसाठी.

विरोध अर्थातच होता. शिकलेली स्त्री लवकर विधवा होते ही समजूत त्या काळी सर्रास होती. ज्यांस ती पटत नसे त्यांचाही प्रश्न असे की, मुलीस लिहून कोठे कारकुनी करावयाची आहे? आणि ज्यांनी मुलीस पाठविले त्यांच्याकडूनही ती नऊदहा वर्षांची झाली की लग्नापायी शाळा सुटे. त्यामुळे शिक्षिकेच्या वाट्यास येई ती सदा पहिली पायरी. अक्षरे जुळू लागली, वाक्य वाचता येऊ लागले, की मुलगी जाई व तिच्या जागी दुसरी येऊन 'अ' पासून आरंभ होई. असे असूनही १८२९ च्या सुमारास मिस फॅरार ह्यांच्या देखरेखीखालील शाळांतून ४०० हून अधिक मुलींची नावे होती. त्यांतल्या किती नियमित येत व किती टिकत हा प्रश्न निराळा; तरी ज्या शहरात मुलीस शाळेत घालणे हीच मुळी अपूर्व गोष्ट होती, तेथे हा आकडा लहान म्हणता येणार नाही.

आणि ज्यांच्या सोबतीने हे काम चालले होते ती माणसे डोळ्यांदेखत नाहीशी होत होती. एकाच जहाजातून बरोबर आलेली मायरा अॅलन १८३१ च्या आरंभी मुंबईस वारली. त्याच वर्षी नव्याने आलेल्या विल्यम हर्वी ह्या उपदेशकाची पत्नी गेली, आणि पुढील वर्षी नगरास ठाणे घालण्यास गेलेले हर्वी स्वतः पटकीने गेले. स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन ह्यांनी १८२९ पासून मुंबईत मुलींच्या शिक्षणाचे मोठे काम उभे केले. त्या १८३५ साली निवर्तल्या. ह्या स्त्रियांच्या धर्ममतांविषयी आपले काहीही म्हणणे असो. परक्या देशात, परक्या उन्हात, जेथे आपण बहुधा मरणार हे ठाऊक आहे तेथे, दुसऱ्यांच्या मुलींस बाराखडी शिकवीत राहणे हे केवळ पगारी नोकराचे काम नव्हे, एवढे कोणीही मान्य करील. मिस फॅरार ह्यांचीही प्रकृती खालावली व १८३७ साली त्या अमेरिकेस गेल्या. त्या परत न येत्या तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु १८३९ साली त्या पुन्हा आल्या, आणि ह्या खेपेस मुंबईस न राहता अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, जाऊन स्थायिक झाल्या.

नगरास अमेरिकन मिशनचे ठाणे १८३१ च्या अखेरीस पडले होते, आणि १८४२ साली 'ज्ञानोदय' हे पत्रही प्रथम तेथूनच निघाले. पण मिस फॅरार तेथे आल्या त्या वर्षीच सर्व मुंबई इलाख्यातील मिशनशाळांवर एक मोठे वादळ कोसळले होते. १८३९ साली मुंबईस दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. खटला कोर्टात गेला, आणि स्कॉटिश मिशनची शाळा एकाएकी ओस पडली. पुढे १८४३ साली श्रीपत शेषाद्री ह्या ब्राह्मण मुलाचे प्रकरण झाले. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या त्या मुलास जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी कसे परिश्रम केले आणि त्यापायी स्वकीयांचा रोष कसा सोसला, हे महाराष्ट्राच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. अशी एखादी बातमी आली की गावोगावच्या मिशनशाळांतून मुले काढून घेतली जात. मग मुलींची गोष्ट कशाला?

येथे आम्हांस थोडे थांबून बोलावेसे वाटते. पालकांच्या ह्या भीतीस आपले सुधारक लेखक पुष्कळदा अज्ञान म्हणून हसतात. आमच्या मते ते न्यायाचे नाही. शाळा घालणारांनी आपला हेतू कधी लपविला नव्हता. मुलांनी ख्रिस्ती व्हावे हीच त्यांची इच्छा होती, आणि ती ते उघड सांगत व लिहीत. तेव्हा आपल्या पोटच्या पोरीस ह्यांच्या हाती द्यावे की नाही, हा बापाच्या व आईच्या मनातला खरा पेच होता. पलीकडून, त्याच मुलीस दुसरीकडे कोठे अक्षर मिळण्याचा मार्ग नव्हता हेही तितकेच खरे. कंपनीसरकारच्या शाळा मुलांसाठी. मुलींच्या शिक्षणास सरकारने उघड पाठिंबा दिला तो १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यात. गावातल्या पंतोजीच्या शाळेत मुलीस जागा नाही, घरी शिकविणारे कोणी नाही. म्हणजे ज्या आईने हे सर्व जाणून आपल्या मुलीस फॅरारबाईंच्या शाळेत पाठविले, तिने एक धोका पत्करला, आणि जिने पाठविले नाही तिने दुसरा. पहिलीस आपण पुरोगामी म्हणतो व दुसरीस मागासलेली. वस्तुतः मुलगी आपली राहावी आणि शहाणीही व्हावी, अशी दोघींचीही इच्छा असेल. ती एकाच ठिकाणी पुरी होईल अशी शाळा मात्र अद्याप कोणी काढली नव्हती.

ती शाळा काढणाराच १८४८ साली नगरास पाहुणा म्हणून आला. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. ख्रिस्ती धर्माची त्यांस ओळख होती, पण ते ख्रिस्ती झाले नव्हते. वय अवघे एकवीस. आईच्या संस्काराने मुलात जी सुधारणा होते ती फार चांगली, म्हणून मुलींच्या शाळांची गरज मुलांच्या शाळांहून अधिक, असा विचार त्यांच्या मनात घोळत होता. नगरास त्यांनी पाहिले ते हे की, जी गोष्ट आपण मनात योजीत आहो ती येथे कोणी तरी कित्येक वर्षे प्रत्यक्ष करीत आहे. मुली शिकू शकतात, शिकत आहेत. विचार करणाऱ्या माणसास असा डोळ्यांनी पाहिलेला दाखला शंभर व्याख्यानांहून अधिक बळ देतो.

परंतु त्यांनी काय घेतले इतकेच पाहून भागणार नाही; काय सोडले तेही पाहिले पाहिजे. त्यांनी वर्ग घेतला, पाटी घेतली, मुलींस बाहेर आणून एकत्र बसवून शिकविण्याची रीत घेतली. प्रश्नोत्तरावली मागे ठेविली. आणि ज्या एका गोष्टीवाचून मुंबईच्या शाळांत पंतोजींस बसवावे लागले, ती गोष्ट त्यांनी पुण्यास साधली. त्यांच्या शाळेत शिकविण्यास मराठी स्त्री होती. सावित्रीबाईंस जोतीरावांनी घरी शिकविले; पुढे नगरास फॅरारबाईंच्या संस्थेत व पुण्यास मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलात त्यांनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. परदेशातून आलेल्या शिक्षिकेस कितीही वर्षे राहून जे स्वतः होता येणे शक्य नव्हते, ते सावित्रीबाई पहिल्याच दिवशी होत्या. शिकणाऱ्या मुलींपैकीच एक, त्यांच्याच भाषेत वाढलेली, त्यांच्यासारखीच लहानपणी लग्न होऊन सासरी आलेली. त्यांनी अंगावर शेणमाती झेलली व सासऱ्याचे घर सोडले. पण मुलगी परक्या धर्मात जाईल ही भीती पालकांच्या मनात घालण्याचे साधन मात्र विरोधकांच्या हाती राहिले नाही.

ह्यानंतर थोड्याच वर्षांत वातावरण पालटले. १८४९ साली मुंबईस दादाभाई नौरोजी आदि तरुण विद्यार्थ्यांच्या सभेने मराठी व पारशी मुलींच्या शाळा काढल्या. १८५२ च्या नोव्हेंबरात पुण्यास विश्रामबाग वाड्यात सरकारच्या वतीने मेजर कँडी ह्यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. आणि १८५५ साली त्यांच्या शाळेतील मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. ह्या शेवटच्या गोष्टीत आम्हांस सर्व इतिहासाचे सार दिसते. पत्र मिशनचे, नगरास जन्मलेले. शाळा मिशनची नव्हे, पण नगरची शाळा पाहून निघालेली. आणि लिहिणारी मुलगी सर्वांस विचारते की, ज्यांस वेद वाचण्याचा अधिकार नाही त्या आमचा धर्म तरी कोणता? मिशनऱ्यांस ह्या प्रश्नाचे जे उत्तर हवे होते ते त्यांनी जन्मभर शिकविले. मुक्तेने उत्तर घेतले नाही. प्रश्न विचारण्याची शक्ती तेवढी घेतली.

मिस फॅरार ह्यांच्या दृष्टीने हा जय म्हणावा की पराजय? ज्या कार्यासाठी त्यांस पाठविले होते त्याच्या मापाने पाहिले तर फळ थोडे. शाळांतून गेलेल्या मुलींच्या मानाने ख्रिस्ती झालेल्या अगदी मोजक्या. पुढे नगर हे मराठी ख्रिस्ती समाजाचे मोठे केंद्र झाले हे खरे. पण ती वाढ पुढील काळातली व प्रामुख्याने खेड्यापाड्यांतली, आणि तिची कारणेही निराळी. मुलींच्या शाळांचे फळ म्हणून तिच्याकडे बोट दाखविता येत नाही. उलट, बाईंनी जे साधन म्हणून दिले, ते अक्षरज्ञान, लोकांनी साध्य म्हणून घेतले. देणाराच्या मनातला क्रम घेणारांनी फिरवून टाकला. शिक्षकाच्या आयुष्यातली ही फार सामान्य, परंतु क्वचितच मान्य केली जाणारी गोष्ट आहे. शिष्य आपण देऊ ते सर्व घेत नाही, आणि जे घेतो ते आपल्या कामासाठी घेत नाही. जो शिक्षक हे उमजूनही उद्या सकाळी पुन्हा शाळेत जातो, तो खरा शिक्षक. १८३९ पासून पुढे मिस फॅरार नगर सोडून स्वदेशी स्थायिक झाल्या नाहीत. १८६२ च्या जानेवारीत, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्या नगरासच वारल्या, व तेथेच त्यांस मूठमाती मिळाली.

त्यांच्या स्वदेशावरही त्यांच्या कामाचा परिणाम झाल्यावाचून राहिला नाही. एकटी स्त्री परदेशी टिकून काम करू शकते हे चौतीस वर्षांच्या दाखल्याने सिद्ध झाले होते. १८६८ साली बोस्टन येथे स्त्रियांनी स्वतःचे मिशनमंडळ काढले, स्वतः वर्गणी जमविली, आणि अविवाहित शिक्षिका व वैद्यिणी जगभर धाडण्यास आरंभ केला. एकोणिसावे शतक संपण्याच्या सुमारास अमेरिकेच्या परदेशी मिशनांतून स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक झाली. ज्यांस आपल्या गावी सभेत बोलण्याची मुभा नव्हती त्यांस परदेशी शाळांच्या मुख्याध्यापिका होता आले, हाही ह्या इतिहासाचा एक चमत्कारिक भाग आहे. दुसऱ्यांच्या मुलींस मोकळे करावयास म्हणून ज्या बाहेर पडल्या, त्या बाहेर पडल्यामुळे काही अंशी आपणही मोकळ्या झाल्या.

तेव्हा ऋण मानावे की न मानावे? आम्हांस वाटते, ऋण मानण्यासाठी सावकाराचा धर्म स्वीकारावा लागत नाही, आणि तो स्वीकारला नाही म्हणून ऋण नाकारताही येत नाही. ह्या बाबतीत जोतीरावांनी घालून दिलेला कित्ताच बरा. मिशनऱ्यांकडून जे शिकण्यासारखे होते ते ते शिकले, जे नको होते ते त्यांनी घेतले नाही, शाळा आपल्या बळावर उभारली, आणि लोक काय म्हणतील ह्याची पर्वा न करता, कोठे काय पाहून आपणांस स्फूर्ती झाली हे नावनिशीवार छापून टाकले. त्या निवेदनात त्यांनी फॅरारबाईंची स्तुतिस्तोत्रे गायिलेली नाहीत. केवळ नाव दिले आहे आणि शाळा चांगली होती एवढे म्हटले आहे. शिक्षिकेच्या कामाविषयी ह्याहून अधिक काही म्हणावे लागत नाही. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास पुन्हा कोणी लिहावयास घेईल, तेव्हा १८४८ च्या आधीचे ते एक पान, आणि त्या पानावरचे हे नाव, त्याने वगळू नये, इतकीच आमची विनंती आहे.